दिवाणातल्या पिसवा: डोंबिवलीच्या तळमजल्यावरचं एक प्रकरण

नावं सगळी बदललीत, बिल्डिंग पण सांगणार नाही, बाकी जसं झालं तसं लिहितेय. मी आमच्या एरियातल्या भटक्या मांजरांना खायला घालते, जमेल तशी नसबंदीला नेते, त्यामुळे ज्याच्या घरी मांजराचं काही बिनसलं त्याचा फोन माझ्याकडे येतोच. हा फोन जूनमध्ये आला आणि पुढचे दोन महिने येतच राहिला.

घर आणि माणसं

डोंबिवलीतली जुनी चार मजली बिल्डिंग, तळमजल्यावर दोन खोल्या आणि हॉल. घरात काकू, त्यांचे सासरे म्हणजे आजोबा, मुलगा सुमित, सून, आणि पाच वर्षांची नात. शिवाय भुरी आणि बोक्या ही दोन मांजरं. बोक्या पूर्ण घरकोंबडा. भुरी मात्र रात्री किचनच्या खिडकीच्या गजातून बाहेर सटकायची आणि पहाटे दुधाच्या वेळेला परत. जिन्याखाली मीटरच्या खोक्याशेजारी एका भटक्या मांजरीने एप्रिलमध्ये तीन पिल्लं घातली होती, भुरीचं तिकडे येणंजाणं होतं. हे आम्हाला खूप नंतर सुचलं, ते पुढे येईलच.

हॉलमध्ये एक मोठा सागवानी दिवाण, आत स्टोरेजवाला. त्याची एक फळी नीट बसत नाही त्यामुळे कोपऱ्यात भोक राहिलेलं, आणि दोन्ही मांजरं दुपारभर त्यातून आत जाऊन जुन्या गोधड्यांवर झोपायची. सगळ्यांना ते फार गोड वाटायचं, फोटो पण काढलेले.

काय झालं

मे महिन्यात सगळे गावी गेले, घर अठरा दिवस बंद. मांजरं सुमितच्या मावशीकडे कल्याणला ठेवली. ७ जूनला संध्याकाळी सगळे परत आले, बॅगा हॉलमध्ये टाकल्या, आणि अर्ध्या तासात आजोबा सोडून सगळ्यांचे पाय खाजायला लागले. आजोबा खुर्चीत पाय वर घेऊन बसतात म्हणून ते वाचले असावेत!

आधी वाटलं डास. पाऊस सुरू झालाच होता, मच्छर अगरबत्ती लावली, काही फरक नाही. मग वाटलं ढेकूण, आणि दोन दिवस गाद्या उलट्यापालट्या करण्यात गेले. खरंतर इथेच ओळखता आलं असतं. ढेकूण उडी मारत नाही आणि बहुतेक रात्री झोपेत चावतो, हात मान पाठ असं जे उघडं असेल तिथे. इथे सगळे चावे घोट्यापासून पोटरीपर्यंत होते, आणि भर दुपारी, चालताबोलता. सुनेने शेवटी पायावरून एक काळपट तपकिरी दाणा चिमटीत धरला, सोडला तर तो टुणकन गायब. तेव्हा काकूंच्या तोंडून शब्द आला, अगं ही तर पिसू.

मला फोन आला ९ तारखेला. मी गेले, मांजरं त्याच दिवशी परत आणलेली होती. बोक्याच्या शेपटीच्या मुळाशी केस बाजूला केले तर मिरपुडीसारखे काळे कण. ते ओल्या टिश्यूवर ठेवले, बोटाने दाबले, तर एक मिनिटात टिश्यूवर लालसर तपकिरी वर्तुळं उमटली. साधी माती असती तर मातीचाच रंग राहिला असता, हे पिसवांची विष्ठा होती म्हणजे मांजराचंच पचलेलं रक्त. काकूंना ते बघून कसंतरीच झालं, पण निदान नक्की झालं.

मग प्रश्न हा की मांजरं तर अठरा दिवस घरात नव्हती, मग घरात एवढ्या पिसवा कुठून? यावर सुमित हटूनच बसला होता की मांजरांचा संबंधच नाही. संबंध आहे. मांजरावरची पिसू रक्त प्यायली की एकदोन दिवसांत अंडी घालायला लागते, रोजची ४०-५० पर्यंत. ती अंडी केसांना चिकटत नाहीत, मीठ सांडावं तशी मांजर जिथे बसेल झोपेल तिथे गळतात. त्यातून अळी निघते, तिला उजेड नको असतो, ती फटीत, गादीच्या शिवणीत, अंधारात शिरते आणि त्या काळ्या कणांवरच जगते. मग ती कोष करते, कोष चिकट, त्याला धूळ लागते आणि तो दिसेनासाच होतो. आतली पिसू तयार झाली तरी लगेच बाहेर येत नाही, थांबते. कोणी चाललं की हादरा, अंगाची ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड, यातलं काही जाणवलं की फटाफट बाहेर. म्हणजे अठरा दिवस बंद घरात त्या सगळ्या कोषात बसून यांचीच वाट बघत होत्या आणि बॅगा आपटल्याबरोबर जेवायला उठल्या. साधारण हिशोब असा सांगतात की दिसणाऱ्या मोठ्या पिसवा एकूण पसाऱ्याच्या ५ टक्के, उरलेल्या ९५ टक्के अंडी, अळ्या आणि कोष, ते पण मांजरावर नाही, घरात.

कोणाचं काय म्हणणं होतं

आजोबांचं म्हणणं एकदम सरळ, मांजरं सोडून या. त्यांना १९९४ चं सुरत आठवत होतं, पिसू म्हणजे प्लेग हे डोक्यात पक्कं. त्यांना समजावलं की ती मुख्यतः उंदरावरची पिसू, वेगळी जात, आणि आपल्या घरात मेलेला उंदीर वगैरे काही नाही. पण खरा मुद्दा दुसराच होता, तो मला मांजरांच्या डॉक्टरांनी पूर्वी एकदा सांगितलेला आणि मला स्वतःला तेव्हा उलटा वाटला होता. मांजर घरातून काढलं तर कोषातून निघणारी प्रत्येक पिसू माणसावर येणार. औषध लावलेलं मांजर घरात हिंडत राहिलं तर पिसू त्याच्यावर उडी मारते आणि मरते. मांजर हाच सापळा. आजोबा हे ऐकून गप्प बसले, पटलं म्हणून नाही, नात रडायला लागली म्हणून.

काकूंचा भर घरगुतीवर. फिनाईलने लादी पुसायची, दिवाणात डांबर गोळ्या, मांजरांना डेटॉलच्या पाण्याने आंघोळ. यातल्या तिन्ही गोष्टी मांजराला विषारी आहेत. मांजर लादीवरून चालतं आणि पंजे चाटतं, त्यामुळे जे फरशीवर ते पोटात. आंघोळ तर त्यांनी माझ्या यायच्या आधीच घातली होती, नशिबाने साध्या शाम्पूने. बादलीत पंधरावीस पिसवा तरंगल्या, काकू खूश, पण मांजर कोरडं होऊन दिवाणात गेलं की पुन्हा तेच.

सुमितला पेस्ट कंट्रोल हवं होतं. एक माणूस बघायला आला, म्हणाला हर्बल आहे, काही होत नाही, मांजरं घरात असली तरी चालेल. मी म्हटलं औषधाचं नाव काय, तर म्हणे कंपनीचं आहे. त्याला नाव सांगता येईना म्हणून चहा पाजून परत पाठवला. पेस्ट कंट्रोल करूच नये असं मी म्हणत नाही हं, बऱ्याच घरांना लागतं. पण मांजरांच्या घरात काय मारणार ते आधी कळलं पाहिजे, फवारा पूर्ण सुकेपर्यंत मांजरं बाहेर पाहिजेत, फिश टँक असेल तर तो पण. आणि फवारा कोषांच्या आत फारसा पोचत नाही, त्यामुळे एकदा मारला आणि सुटलो असं होत नाही.

थोडक्यात वाचलेला प्रसंग

११ तारखेला रात्री साडेनऊला सुमितचा फोटो आला. दुकानातून कुत्र्यांचे मानेवर टाकायचे ड्रॉप आणले होते, दुकानदार म्हणाला मांजराचं संपलंय, हेच अर्धं अर्धं टाका, एकात दोघांचं काम होईल. फोटोत खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरात परमेथ्रिन दिसत होतं. मी मेसेज टाईप करत न बसता फोन लावला, तेव्हा बोक्याला त्याने मांडीवर घेतलेलं होतं आणि ट्यूबचं टोक कात्रीने कापून झालं होतं.

परमेथ्रिन कुत्र्याला चालतं, मांजराच्या लिव्हरला ते मोडून बाहेर टाकता येत नाही. मग लाळ, थरथर, झटके, आणि वेळेत उपचार नाही झाले तर मांजर जातं. कुत्र्याच्या ट्यूबमधला अर्धा डोस सुद्धा मांजराला भारी पडू शकतो. चुकून पडलंच अंगावर तर भांड्याच्या लिक्विडने कोमट पाण्यात धुवायचं आणि तसंच टॉवेलात गुंडाळून डॉक्टर गाठायचा, लक्षणं दिसायची वाट बघायची नाही. सुमितने ट्यूब फेकली. त्याला वाईट वाटलं पण त्याची काय चूक, त्याने विचारून आणलं होतं. मीच पहिल्या दिवशी पिसवांचं सगळं पुराण सांगितलं आणि हे एक वाक्य सांगायचं राहिलं.

काय केलं

१४ जूनला डॉक्टरांकडे. आधी वजन, घरच्या काट्यावर सुमित मांजर घेऊन उभा राहिला, मग मांजराशिवाय, वजाबाकी. भुरी ३.२ किलो, बोक्या ४.६. डॉक्टरांनी हिरड्या बघितल्या, फिकट नव्हत्या. लहान पिल्लांमध्ये पिसवा एवढं रक्त पितात की ॲनिमिया होतो. दोघांना फिप्रोनिल आणि मेथोप्रीन असलेले मांजरांचे ड्रॉप दिले, पहिलं मोठ्या पिसवा मारतं, दुसरं अंड्यांना पुढे वाढू देत नाही. आणि बोक्याच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे चिकटलेले निघाले, तो फीतकृमी. चाटताना पिसू गिळली की तो जंत मांजराच्या पोटात जातो. त्याला प्राझिक्वांटेलची गोळी.

आदल्याच दिवशी काकूंनी परत एक आंघोळ घातली होती म्हणून ड्रॉपला दोन दिवस थांबायला सांगितलं. १६ जूनला रात्री टाकले. मानेच्या वर, जिथे जीभ पोचत नाही तिथे केसांचा भांग पाडून कातडीवर, केसांवर नाही. ही दोघं एकमेकांना चाटतात म्हणून सुकेपर्यंत भुरी बेडरूममध्ये आणि बोक्या हॉलमध्ये, दाराच्या दोन्ही बाजूंनी रात्रभर नुसता आक्रोश.

घराचं काम मात्र खरं काम होतं. शेजाऱ्यांचा व्हॅक्यूम क्लीनर मागून आणला कारण झाडूने धूळ फटीत ढकलली जाते आणि अंडी इकडची तिकडे. सोफ्याच्या फटी, दिवाणाखाली, कपाटामागे, दाराच्या पायपुसणीखाली, पहिले दोन आठवडे रोज, मग एक दिवसाआड. व्हॅक्यूमच्या हादऱ्याने कोष फुटतात तेही बरंच. पिशवी लगेच प्लास्टिकमध्ये गाठ मारून बाहेरच्या कचऱ्यात. कामवाल्या मावशींना फिनाईल बंद, नुसतं गरम पाणी आणि थोडी पावडर. मावशींना ते अजिबात पटलं नाही, वास नाही तर स्वच्छ कसं, हा त्यांचा मुद्दा शेवटपर्यंत होता.

दिवाण रिकामा करायला रविवार लागला. तळाशी काकूंच्या सासूबाईंनी शिवलेली गोधडी, जुन्या नऊवारीची, आणि नेमकी मांजरांची जागा तीच. टाक्यांच्या रांगांमध्ये ती काळी मिरपूड भरलेली. सून म्हणाली टाकून देऊ, काकू काही बोलल्या नाहीत, नुसती घडी घालत राहिल्या. मग मोरीत मोठ्या घमेल्यात कडकडीत पाणी ओतून ती भिजवली. पाच मिनिटांत पाण्याला कोऱ्या चहासारखा रंग आला, थोडा लालसर. चार पाणी बदलल्यावर निवळलं. पावसात वाळणार कुठे, शेवटी तीन दिवस पंख्याखाली. बाकी चादरी, अभ्रे, मांजरांची टॉवेलं मशीनमध्ये ६० डिग्रीवर दर आठवड्याला. भोकावर सुताराकडून पट्टी मारून घेतली.

आणि एक, मोजदाद. पांढरे मोजे घालून दहा मिनिटं सगळ्या खोल्यांतून फिरायचं आणि मोज्यावरच्या पिसवा मोजून साबणाच्या पाण्यात टाकायच्या. सुनेने फोनमध्ये लिहून ठेवलं. १६ जून ११. २३ जून ४.

तिसरा आठवडा

५ जुलैला आकडा ९.

घरात भांडणं. आजोबा म्हणाले बघा सांगितलं होतं. सुमित म्हणाला औषध डुप्लिकेट आहे, दुसरं आणू, आणि पेस्ट कंट्रोलवाल्याला परत बोलावू, एकाच वेळी दोन्ही. बहुतेक घरं इथेच बिघडतात असं मी बघितलंय, तीन आठवडे नीट केलेलं असतं आणि आकडा वाढला की माणूस घाबरून एकावर एक औषधं चढवतो, आणि मग मांजर आजारी पडतं ते पिसवांनी नाही, औषधांनी. अंगावर एक औषध असताना दुसरं टाकायचं की नाही हे डॉक्टरने ठरवायचं.

मी सांगितलं की आधी मांजरं तपासू. उवांची बारीक फणी घेतली, दोघांना दहा दहा मिनिटं विंचरलं. मेलेली एक, जिवंत एकही नाही, काळे कण नाहीत. म्हणजे औषध चालू होतं. मोज्यावरच्या नऊ पिसवा बारीक आणि गडद होत्या, पोट फुगलेलं नाही, नुकत्या कोषातून निघालेल्या. औषध सुरू करायच्या आधी जी अंडी पडली होती त्यांचे कोष आता फुटत होते, त्यात पावसाळा, दमट गरम हवा, अळ्यांना हवी तशीच. या वाढीला थांबवणारं काही नसतं, ती निघून जाऊ द्यायची, व्हॅक्यूम चालू ठेवायचा. काकूंनी ठरवलं की १४ जुलैच्या दुसऱ्या डोसपर्यंत काही बदलायचं नाही. घरात पहिल्यांदाच त्यांनी आवाज चढवला असं सून म्हणाली.

डोस १४ ला झाला. २० जुलैला आकडा २. आणि २४ तारखेला भुरीच्या मानेखाली दोन जिवंत, गुबगुबीत पिसवा.

मोज्यावर कमी होतायत आणि मांजरावर नव्या, म्हणजे घरातून नाही, बाहेरून. तेव्हा कुठे जिन्याखालची मांजर सगळ्यांच्या डोक्यात आली. मी रोज तिला खायला घालत होते आणि मलाच सुचलं नाही, हसू नका. ती आणि तिची पिल्लं पिसवांनी नुसती भरलेली होती. पिल्लं एव्हाना तीन महिन्यांची, डॉक्टरांनी वय आणि वजनाचा अंदाज घेऊन ड्रॉप दिले. आई वाटीत तोंड घालून खात असताना मानेवर टाकले, तिला कळायच्या आत. पिल्लं दोन दिवसांत पकडता आली. त्यांचं पोतं जाळलं, सेक्रेटरीने मीटरखालचा कोपरा धुऊन घेतला, आणि भुरीच्या खिडकीला जाळी लागली.

शेवटी काय झालं

६ ऑगस्टला मोज्यावर शून्य, नंतर सलग दोन आठवडे शून्य. ११ ऑगस्टचा तिसरा डोस तरीही दिला. नातीच्या पायावरचे डाग तेवढे महिनाभर राहिले, खाजवून खाजवून तिने एक पिकवला होता. डॉक्टरांची फी, औषधं, जंताच्या गोळ्या, सुतार, लाँड्री सगळं धरून खर्च ₹५५०० च्या आसपास. त्यातले जिन्याखालच्या मांजरांचे पैसे कोणी द्यायचे यावरून सोसायटीत एक मीटिंग झाली, त्याबद्दल न बोललेलं बरं. आई मांजरीची नसबंदी सप्टेंबरमध्ये झाली.

परत करायचं झालं तर

सगळ्यात पहिलं, कुत्र्याचं औषध मांजराला नाही, हे पहिल्या फोनवर सांगेन, बाकी सगळं नंतर. जिन्याखालच्या मांजरीला पहिल्या आठवड्यातच बघेन, ते केलं असतं तर दोनतीन आठवडे वाचले असते असं मला वाटतं. तिसऱ्या आठवड्यात आकडा वाढू शकतो हे कॅलेंडरवर आधीच लिहून भिंतीला लावेन, म्हणजे भांडण व्हायच्या आधी माणसं तिकडे बघतील. पेस्ट कंट्रोलबाबत मी अजूनही ठाम नाहीये. मोठं घर असतं, कार्पेट असतं किंवा घरात छोटं बाळ असतं तर कदाचित डॉक्टरांना विचारून नीट औषध वापरणारा माणूस शोधला असता.

या वर्षी मे महिन्यात सगळे परत गावी गेले. जायच्या आधी मांजरांना ड्रॉप झाले, दिवाण व्हॅक्यूम केला. परत आल्यावर काकूंनी सगळ्यांना बॅगांसकट जिन्यात उभं केलं, पर्समधून पांढरे मोजे काढून घातले आणि एकट्या आत जाऊन दहा मिनिटं फिरल्या. आजोबा खाली पायरीवर बसून घड्याळ बघत होते.